वयाचा पावशेर

मेहबूबचाचा थंडी किलोत सांगायचे.

"आज अडीच," असं पहाटे सहाला त्यांनी दुकानाच्या पायरीवरून सांगितलं की समजायचं, आजची थंडी अडीच किलो कापसाच्या रजईची आहे. "पावणेतीन" म्हणाले की शाल घट्ट करायची. आणि "तीन" म्हणताना ते आवाज खाली आणायचे, घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव घ्यावं तसा. देगलूरच्या आमच्या गल्लीत दुसरा कुठला आकडा चालत नव्हता. दूधवाला सायकलवरून न उतरताच विचारायचा, "चाचा, किती?" आणि उत्तर ऐकून कानाला मफलर गुंडाळायचा.

हा आकडा ते काही हवेतून काढत नसत. म्हणजे काढत हवेतूनच, पण त्याची एक रीत होती. फजरची नमाज झाली की पायरीवर बसायचं, डाव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडायची, तळवा आभाळाकडे करून हात गुडघ्यावर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. पाच मिनिटं. तेवढ्या वेळात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. मी एकदा "काय चाचा, झोप लागली का?" असं विचारायचा आगाऊपणा केला होता. डोळे न उघडता ते म्हणाले, "बाई, तुमी शाळंत हजेरी घेताना मी मधी बोलतो का?"

मी भूगोलाची बाई. लातूरहून इथल्या शाळेत नोकरीला आले तेव्हा चोवीस वर्षांची होते, सोबत एक पत्र्याची पेटी आणि दोन चादरी. डिसेंबर लागला आणि दोन चादरींचा माज उतरला. चाचांच्या दुकानात जाऊन म्हटलं, "एक जाड रजई द्या."

"जाड म्हंजे किती जाड?" त्यांनी विचारलं. पिंजारी माणूस, भुवयांवर, दाढीवर, पापण्यांवरसुद्धा कापूस बसलेला. तेव्हा पन्नाशीचे असतील. "खिडकी कोन्या अंगाला हाय? खाली फरशी हाय का शेणाचं? आधी पाय गार पडतेत का पाठ?"

मी चकित. रजई घ्यायला आले होते की दवाखान्यात? पण सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "रजई आधी खोलीची असती, मग पहाटची, मग मानसाची. लोक उलटं धरतेत." दोन दिवसांनी रजई आली. पायाकडे जरा जास्त कापूस, छातीवर हलका. त्या रजईत मी अशी झोपले की दुसऱ्या दिवशी पहिला तास चुकला. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तर खरं सांगायचीही चोरी!

त्याच हिवाळ्यात शाळेच्या कपाटात मला एक तापमापक सापडला. पेटीतून कधी बाहेरच न आलेला. मी नवीन, अंगात उत्साह मावत नव्हता. शाळेच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात, ऊन कधीच पोचत नाही अशा खांबाला खिळा ठोकून तो टांगला आणि एक शंभर पानी वही केली. रोज पहाटे सव्वासहाला आकडा टिपायचा. माझी खोली गल्लीच्या एका टोकाला, शाळा दुसऱ्या टोकाला आणि मध्ये चाचांची पायरी. मी जाताना ते सांगायचे, "आज अडीच." मी शाळेत जाऊन पाऱ्याचा आकडा वहीत लिहायची आणि समासात, निव्वळ गंमत म्हणून, पेन्सिलीने लिहायची: चाचा, अडीच. मुलांना दाखवून आम्ही हसायचो. तीन हिवाळे मी असं केलं. मग लग्न, मुलगी, दहावीचे जादा तास. वही कपाटात गेली. तापमापक मात्र खांबावरच राहिला, रंगकाम करणाऱ्यांनीही त्याला वगळून भोवती रंग मारला.

चाचांचं काम बघणं हा मला लागलेला नादच होता. छताला टांगलेलं ते भलंमोठं धनुष्य, त्याला पिंजण म्हणायचं. खाली दबून गोळा झालेला जुना कापूस. लाकडी दस्ता तारेवर पडला की टँव असा आवाज निघायचा आणि त्या काळपट गोळ्यातून कापूस असा वर यायचा की बघत राहावं. "कापूस मरत न्हाई बाई," ते म्हणायचे, "झोपतोय. त्याला उठवावं लागतंय." तीस वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात दिलेली गादी त्यांच्यापुढे उघडली जायची आणि तासाभरात तिच्यातला कापूस नव्या नवरीसारखा फुलून बसायचा. शाळेत मी ज्वालामुखी शिकवते, हिमनद्या शिकवते. डोळ्यांदेखत घडलेली एवढी मोठी गोष्ट मात्र मी त्याच दुकानात पाहिली, हे कबूल करते.

गिऱ्हाईक तिन्ही भाषांचं. बाजारच्या दिवशी तेलंगणाच्या बाजूची माणसं यायची, कर्नाटकातली यायची. चाचा प्रत्येकाशी त्याच्या बोलीत बोलायचे आणि मला ऐकवायचे, "तेलुगूत चली, कन्नडात चळी, आपल्यात थंडी. नाव कायबी ठिवा, शिरती फटीतूनच." रजई शिवताना म्हणूनच ते कोपऱ्यांवर फार जपायचे. लांब सुईने टाका घालायच्या आधी प्रत्येक कोपऱ्यात हात घालून चाचपायचे. "मध्यात कापूस कोनबी भरतंय. कारागीर कोपऱ्यात कळतोय."

वर्षं गेली. माझे केस पिकले, चाचांचे तर कापसाहून वेगळे दिसेनासे झाले. त्यांचा मुलगा युसूफ हाताशी आला. त्याने कापूस पिंजायचं यंत्र आणलं, फोमच्या गाद्या आणल्या, रंगीत ब्लँकेटं आणली. चाचांनी हरकत घेतली नाही. दुकानाचा पुढचा भाग युसूफचा झाला, मागचा कोपरा आणि छताचं पिंजण चाचांचं राहिलं. आणि पायरी. पायरीवर पहाटे दुसरं कुणी बसत नसे.

पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात यायला लागली होती. चाचांचे आकडे वाढले होते. पूर्वी "तीन" ही वर्षातून दोन-चारदा ऐकायची गोष्ट होती. आता आठवड्यात दोनदा तीन, एखाद्या दिवशी सव्वातीनसुद्धा. रजयांमध्ये कापूस वाढायला लागला. एका संध्याकाळी मी दुकानात होते, तेव्हा युसूफ वैतागून म्हणाला, "अब्बा, टीवीवाले बोलरे दुनिया गरम होरी, और तुमे हर साल रुई बढारे!"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी शिकलेल्या. जग तापून राहिलंय, हे खरं हाय?"

आता मी भूगोलाची बाई. याच विषयावर त्याच आठवड्यात नववीला चांगला ताशीव तास घेतला होता. म्हटलं, "हो चाचा, अगदी खरं. सगळी पृथ्वीच तापतेय. मोजून सिद्ध झालेलं आहे."

"मग पहाट गार कशी लागून राहिली?"

आणि मी हसले. आजही ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. हसून म्हणाले, "वय झालं चाचा आता. म्हाताऱ्या हाडांना थंडी जास्तच वाजते."

त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून बघत राहिले.

यावरच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याच डिसेंबरात माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला लातूरहून माहेरी आली आणि नात झाली. चाचांनी न सांगता बाळाची रजई करून आणली. पिवळ्या सुती कापडाची, कोपऱ्यांना लाल टाके. मुलीने ती बाळावर घातली आणि लगेच काढली. "आई, केवढी जड आहे गं! बाळाला दम लागेल." मी उचलून पाहिली. खरंच जड होती. आणि मी शहाणी बाई, ती रजई काखेत मारून तडक दुकानात गेले आणि चार माणसांसमोर बोलून बसले, "चाचा, एवढी जड? बाळ दबून जाईल की हो."

त्यांनी रजई हातात घेतली. तोलली. पुन्हा तोलली. मग चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "या अल्ला," एवढंच म्हणाले. तिथल्या तिथे टाके उसवून त्यांनी सगळा कापूस बाहेर काढला आणि मोकळी खोळ माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाताना पायरी रिकामी होती. दूधवाल्याने सवयीने विचारलं, "चाचा, किती?" आतून युसूफ म्हणाला, "अब्बा आज नहीं बैठे."

तिसऱ्या दिवशीही नाही. छताचं पिंजण त्यांनी उतरवून भिंतीला उभं केलं होतं.

चौथ्या दिवशी मी जीव मुठीत धरून गेले. मागच्या कोपऱ्यात बसले होते, हात मांडीत घेऊन. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"माफी कायकू? तुमी खरंच बोललात. पन्नास वर्सं मी एकच गोष्ट म्हनत आलो, तोंड खोटं बोलतंय, हात बोलत न्हाई. आता हातच खोटं बोलून राहिला, तर मी कोन?" मग जरा थांबून म्हणाले, "एक सांगा बाई. ही थंडी हवेची हाय का माझ्या हाडांची? तेवढंच सांगा. हाडांची असंल तर मी उठतो हितनं. लोकायच्या अंगावर माझं म्हातारपन किती दिवस शिवू?"

खोटं समाधान करायला जीभ वळली होती, पण समोर बसलेल्या माणसाला ते चाललं नसतं. घरी येऊन मी भांडी आपटली, मुलीवर चिडले, मग एकदम हातातलं पातेलं तसंच राहिलं. वही!

शाळेच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे ती सापडली. पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या. एका बाजूला माझ्या तरुण अक्षरात पाऱ्याचे आकडे. आणि समासात पेन्सिलीने: चाचा, अडीच. चाचा, सव्वादोन. चाचा, तीन. तीन हिवाळ्यांच्या पहाटा, पन्नाशीतल्या धडधाकट चाचांनी तोललेल्या. पंचवीस वर्षांपूर्वी थट्टा म्हणून लिहिलेलं आज माझ्या हातात पुरावा होऊन बसलं होतं.

वही घेऊन पळतच गेले. चाचांना समजावलं. तापमापक तोच, खिळा तोच, खांब तोच. तेव्हा अमुक पाऱ्याला तुम्ही अडीच म्हणत होतात. आता त्याच पाऱ्याला काय म्हणता, एवढं पाहायचं. आताही अडीचच म्हणालात तर हात खरा. नाही म्हणालात तर किती चुकतो तेही कळेल.

त्यांनी वहीच्या समासावरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं, पण बोट फिरवलं. "हे समदं मी बोललो व्हतो?"

"शब्द न् शब्द."

"आन तुमी लिहून ठिवलं?"

गंमत म्हणून लिहिलं होतं, हे सांगायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा पायरीवर बसले. ठरलं असं, की आधी त्यांनी किलो सांगायचे, मी ते नव्या वहीत लिहायचे, मग शाळेत जाऊन पारा बघायचा. पहिल्याच दिवशी परत येताना मी उत्साहाने सांगू लागले, "चाचा, आज पारा..." तर त्यांनी कानांवर हात ठेवले.

"सांगू नका! शिवरातीपस्तोर सांगू नका. सांगितलं तर हात शिकंल. शिकलेला हात मग तुमच्या नळीला इचारून बोलंल. मला माझ्या हाताची झडती घ्यायची हाय, त्याला पास न्हाई करायचं."

बी.एड.ला आम्हाला प्रयोग कसा करावा यावर एक अख्खा पेपर होता. हे वाक्य त्यात कुठे नव्हतं.

जानेवारीत एका पहाटे ते पायरीवर बसले, बाही दुमडली, डोळे मिटले आणि मग उघडून म्हणाले, "आज न्हाई सांगत. अंगात कणकण हाय. आज माझा हात आजारी. पान कोरं ठिवा."

"अहो चाचा, अंदाजे सांगा की. एका दिवसाने काय होतंय?"

"एका दिवसानंच व्हतंय," ते म्हणाले. "एक टाका ढिला ऱ्हायला की समदा कापूस तिकडं सरकतोय."

मी नजर चुकवली. कारण जुन्या वहीत एका जानेवारीत मी उशिरा उठले होते आणि आदल्या दिवसाचा आकडा जरा इकडे-तिकडे करून ठोकून दिला होता. पंचवीस वर्षं कुणाला कळलं नव्हतं. मी तिथेच वही उघडून कबुली दिली. चाचा रागावले नाहीत. म्हणाले, "काट मारा. खोडू नका, काट मारा. दिसू द्या लोकायला, हितं चूक व्हती." मी लाल पेनने काट मारली. ती काट आजही त्या पानावर आहे आणि नोकरीतल्या माझ्या कामांपैकी तिचाच मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो.

शिवरात्र आली. "शिव शिव" म्हणत थंडी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन्ही वह्या घेऊन दुकानात गेले. आदल्या चार दिवसांत मी हिशोब मांडून ठेवला होता आणि तीनदा तपासला होता, कारण पहिल्यांदा माझा स्वतःचाच विश्वास बसला नव्हता. युसूफनेही यंत्र बंद केलं आणि येऊन उभा राहिला. चाचा भिंतीला टेकून बसले होते. निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसे.

"चाचा," मी म्हटलं, "ज्या पाऱ्याला तुम्ही तेव्हा सव्वादोन म्हणत होता, त्याला आता अडीच म्हणता. ज्याला अडीच म्हणत होता, त्याला पावणेतीन. ज्याला पावणेतीन, त्याला तीन."

त्यांनी डोळे मिटले. "म्हंजे चुकून राहिलो."

"ऐका तर पूर्ण! पावशेर. प्रत्येक वेळी पावशेरच जास्त. कमी थंडीत पावशेर, कडाक्याच्या थंडीत पावशेर. एखाद-दुसरी पहाट सोडली तर पावशेराच्या वर नाही आणि खाली नाही. अहो, एवढा नेमका चुकणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही."

मग चाचांनी हळूच विचारलं, "आन तो पावशेर काढून टाकला तर?"

"तो काढून टाकला तरी 'पावणेतीन'च्या आणि 'तीन'च्या पहाटा जुन्या वहीतल्या कुठल्याही हिवाळ्यापेक्षा जास्त भरतात. आणि हे तुमचा हात नाही म्हणत, शाळेचा पारा म्हणतोय. थंडी आहे चाचा. आपल्या इथल्या पहाटा खरंच गारठल्यात."

"म्हंजे पावशेर माझा," चाचा एकेक शब्द तोलत म्हणाले, "आन बाकीची अल्लाची."

युसूफने तोंड फिरवलं. मी तर सरळ रडले, त्यात लाजायचं काय? पंचाहत्तरीच्या माणसाने आपल्या हाताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं आणि त्या हाताने कबूल केलं होतं, एवढा गुन्हा माझा, याहून तसूभर जास्त नाही.

मग त्यांनीच तो प्रश्न विचारला, ज्याला मी तीन महिने भीत होते. "पन जग तर तापून राहिलंय म्हनता. मग हे कसं?"

मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. एका गावातल्या एका नळीवरून जगाचं काही ठरत नाही. जग तापतंयच, त्यात शंका नाही. पण सगळीकडे सारखं नाही, सगळ्या ऋतूंत सारखं नाही. वारे वाट बदलतात, उत्तरेची थंडी कधी आपल्याकडे ढकलली जाते, हवेतल्या धुरकट धुळीने आणि शिवारात खेळणाऱ्या पाण्यानेही कुठे कुठे फरक पडतो. एखाद्या भागाचा हिवाळा काही वर्षं गारही होत जातो. का, ते शिकलेली माणसं अजून शोधत आहेत. बोलताना माझं मलाच जाणवत होतं की मी धडा वाचून दाखवतेय.

चाचांनी शेजारची एक अर्धवट शिवलेली रजई ओढली. तिला दोन्ही हातांनी मधोमध दाबली. "बगा. ह्यात पयल्यापेक्षा कापूस जास्त घातलाय. तागडीत टाका, वजन वाढलेलंच भरंल. हे तुमचं जग. बरूबर? आता हितं हात घाला." माझा हात धरून त्यांनी कोपऱ्यात घातला. कोपरा रिकामा होता, नुसतं कापड. "दाबल्यावर कापूस सरकला. रजई जड झाली तरी कोपरा उघडा पडला. आपून कोपऱ्यात निजून राहिलो, बाई. जो कोपऱ्यात निजतोय त्याला म्हनू नका, तू म्हातारा झालास."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढा सोपा तास मी घेतला नव्हता. माझा हात अजून त्या रिकाम्या कोपऱ्यात होता आणि समोरचा निरक्षर माणूस अख्खी पृथ्वी मांडीवर घेऊन बसल्यासारखा वाटत होता. तेव्हापासून नववीच्या वर्गात मी दरवर्षी एक रजई घेऊन जाते. पोरं खुसुखुसू हसतात आणि मग एकेकाचा हात कोपऱ्यात गेला की गप्प होतात.

संध्याकाळी पिंजण पुन्हा छताला चढलं. पहिलं काम माझ्या नातीच्या रजईचं. हात म्हणेल तेवढा कापूस त्यांनी आधी तोलून घेतला. मग मोठ्या रजईत पावशेर तर एवढ्याशा रजईत किती, ते पुटपुटत मोजलं, तेवढा भाग काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ही माझी थंडी. पोरीच्या अंगावर कायकू?" नात त्या रजईत अशी गाढ झोपली की तिला दुधाला उठवायला लागलं.

त्यानंतर ही त्यांची रीतच झाली. प्रत्येक रजईतून पावशेर काढायचा आणि कोपऱ्यातल्या एका गोणीत टाकायचा. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? "वजा वय," ते सांगायचे. युसूफ म्हणायचा, अब्बा, पहिल्यापासूनच कमी घ्या की. "हात जे म्हनतो ते आधी ऐकावं लागतंय," चाचा म्हणायचे. "त्याला बोलू द्यायचं. मग त्यातलं आपलं काढून टाकायचं." दर हिवाळ्यात महिनाभर ते माझ्याकडून पुन्हा झडती घ्यायचे, वय वाढतं म्हणून. शेवटच्या हिवाळ्यात पावशेराचा दीड पाव झाला, तेव्हा त्यांनी निमूटपणे दीड पाव काढायला सुरुवात केली. त्या हिवाळ्यांमध्ये त्यांनी मलाही शेजारी बसवलं. "बाही दुमडा. डोळे मिटा. बोलू नका." आधी मी वाटेल ते सांगायची. तिसऱ्या हिवाळ्यात माझा आकडा जुन्या वहीला जुळायला लागला, तेव्हा ते म्हणाले, "आता तुमचा हात बसला. जपा."

चाचा गेले ते ऐन मे महिन्यात. त्या वर्षीचा उन्हाळा असा होता की दुपारी गल्लीत कुत्रंही फिरकत नव्हतं. जायच्या आठवडाभर आधी मी भेटले तेव्हा पंख्याखाली उघड्या अंगाने पडले होते. म्हणाले, "उन्हाळाबी वाढून राहिला, बाई, हिवाळाबी. कापूस लई सरकून राहिला. टाका घालनारा कोन हाय?" मी त्यांचा डावा हात हातात घेतला. रुईसारखा हलका झाला होता.

दिवाळीनंतर युसूफ एक रजई घेऊन घरी आला. पांढऱ्या कापडाची, बिनाफुलांची. "अब्बा बोलके गए थे," तो म्हणाला, आणि मग माझ्यासाठी मराठीत आला. "गोणीतल्या कापसाची हाय, दुसरा न्हाई घातला. अब्बा म्हनले, बाईला दे, त्यांना आता लागंल. यंत्रात न्हाई टाकला. पिंजणावर मी सोता पिंजला." त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर कापूस बसलेला होता. मी कोपरे चाचपले. चारही भरलेले होते.

या डिसेंबरातली गोष्ट. जूनमध्ये मी निवृत्त होणार, म्हणून खांबावरचा तापमापक आणि वही कुणाच्या हाती द्यायची याचा विचार करत पहाटे जाग आली. रजईतून बाहेर यावंसं वाटेना. तरी उठले, रिकाम्या पायरीवर जाऊन बसले, बाही दुमडली, डोळे मिटले. पाच मिनिटांनी हात बोलला: पावणेतीन. दूधवाला थांबून बघत होता. त्याला सांगितलं, "पावणेतीन," आणि त्याने मफलर गुंडाळला.

शाळेत जाऊन पारा पाहिला आणि जुनी वही उघडली. तोच पारा, एका डिसेंबरात, माझ्याच तरुण अक्षरात. समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: चाचा, अडीच.

पुन्हा पारा पाहिला. पुन्हा वही पाहिली. मग व्हरांड्यात एकटीच हसले, डोळे पुसले आणि नव्या पानाच्या समासात लिहिलं: बाई, पावणेतीन. त्याच्या खाली लिहिलं: वजा पावशेर, तो माझा.